समुद्रमार्गावरील साहसी थांबा : मालवण

(पेडणे तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक सहलींचे दिवस जवळ येऊ लागले की आमच्या कार्यालयाकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलांना समुद्रकिनाऱ्याच्या वाटेने कोठे न्यावे, की जेथे इतिहासही पाहावयास मिळेल आणि थोडे साहसही घडेल? मेळाव्याच्या चालकांनी मला आज याच विषयावर बोलण्यास सांगितले आहे. दहा ठिकाणांची नावे घेऊन प्रत्येकाचे दोन वाक्यांत वर्णन करणे मला सोपे होते. परंतु तसली यादी कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. म्हणून मी एकाच ठिकाणाविषयी बोलणार आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपल्या शेजारचे मालवण.

प्रसिद्धीचे काम करणाऱ्या माणसाने ठिकाणांची स्तुती करावी, अडचणींचा उच्चार करू नये, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती मान्य नाही. ज्या ठिकाणी आपण दुसऱ्यांची मुले घेऊन जाणार, तेथील पाण्याची रीत आधी ठाऊक असावी, हे स्तुतीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडकांची मोठी रांग आहे. शिवाजी महाराजांचा जलदुर्ग याच खडकांच्या आधाराने उभा राहिला, आज पर्यटक ज्यासाठी पाण्यात उतरतात ते प्रवाळ याच खडकांवर वाढले आहे, आणि होडी चालवणाऱ्याने जरा दुर्लक्ष केले तर होडी फुटते तीही याच खडकांवर. मालवण समजून घेणे म्हणजे हे खडक समजून घेणे होय.

प्रथम वाटेविषयी थोडे सांगतो. आपल्या तालुक्यातून निघणाऱ्याला केरी येथे फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडता येते. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलेला तेरेखोलचा किल्ला समोरच दिसतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, हे मुलांना अवश्य सांगावे. मात्र ओहोटी फार खोल गेली म्हणजे येथील फेरीबोट काही वेळ थांबून राहते. मोठी बस घेऊन धक्क्यावर गेलात आणि पाणी उतरलेले असले, तर मागे फिरून किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याकडे जावे लागते. तेव्हा भरती-ओहोटीचा पहिला धडा मालवणला पोहोचण्यापूर्वी, आपल्याच उंबरठ्यावर मिळतो. तो फुकट मिळतो, एवढेच.

पुढे रेडी आणि मग शिरोडे. शिरोड्याची मिठागरे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध झाली. शिक्षकांना या गावाविषयी विशेष आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे येथील शाळेत शिक्षक होते. त्यानंतर वेंगुर्ले येते. तेथे सतराव्या शतकात डचांची वखार होती आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. वेंगुर्ल्याच्या पुढे म्हापण-परुळे या बाजूने जाताना रस्ता कधी सड्यावर चढतो, कधी माडांच्या बागेत उतरतो. भोगव्याजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर देवबाग दिसत असते, पण गाडीला मात्र खाडीचा वळसा घेऊन पूल ओलांडूनच जावे लागते. या वळशाची मुले कुरकुर करतात. त्यांना नकाशा हाती द्यावा. कोकणात दोन गावांतील अंतर डोळ्यांनी मोजायचे नसते, हे त्यांना एका दृष्टिक्षेपात कळते.

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. त्यापूर्वी ज्या जागी पूजन झाले, तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे आणि त्या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पुष्कळशा सहली थेट धक्क्यावर जातात आणि हा धोंडा न पाहताच परततात. हे योग्य नव्हे. पायाभरणीचा विधी कोठे झाला हे पाहिल्याशिवाय किल्ला पाहणे म्हणजे घराचा उंबरा सोडून माडीवर चढण्यासारखे आहे.

कुरटे नावाच्या या बेटाची निवड का झाली असावी? जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, वेंगुर्ल्याचे डच आणि व्यापाराच्या निमित्ताने पाय रोवणारे इंग्रज, अशी त्या काळी या किनाऱ्याची स्थिती होती. स्वराज्याच्या आरमाराला भक्कम तळ हवा होता. स्थानिक दर्यावर्दी लोकांच्या साहाय्याने समुद्र तपासून हे बेट निवडले गेले, असे परंपरा सांगते. ती परंपरा खरी असली पाहिजे, असे येथील पाणी पाहिल्यावर वाटू लागते. कारण बेटाच्या भोवती, काही पाण्यावर डोकावणारे आणि कितीतरी पाण्याखाली दडलेले असे खडक आहेत. खोल पाण्यातून येणाऱ्या मोठ्या जहाजाला तटाजवळ भिडता येत नाही, आणि लहान होडीला जावयाचे झाले तर वाट ठाऊक असावी लागते. तट बांधण्यापूर्वीच निसर्गाने पहिला तट बांधून ठेवला होता. तो ओळखण्याचे काम करणाऱ्या नावाड्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

बांधकामाची देखरेख हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होती आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी वळणांसह जवळजवळ तीन किलोमीटर, उंची सुमारे ३० फूट आणि रुंदी सुमारे १२ फूट. पायात शिसे ओतल्याचे सांगतात. हे आकडे मुलांना पाठ करावयास लावू नयेत. त्यांना तटावरून चालवावे. सरळ रेषेत न जाता बेटाच्या कडेकडेने नागमोडी वळत गेलेला तट पायांना कळला की आकडे आपोआप ध्यानात राहतात.

किल्ल्याचे प्रवेशद्वार हे तर पाहण्यासारखे आहेच, पण आधी ते शोधण्यासारखे आहे. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा कोठे आहे हे कळत नाही. दोन बुरुजांच्या आड वळणावर तो लपलेला आहे. मुलांना होडीतच विचारावे की दरवाजा कोणाला दिसतो, आणि कोणाला दिसत नाही म्हणून कोणी उभे राहू लागले तर त्याला प्रेमाने पण निश्चयाने खाली बसवावे. आत १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा चुन्यात उमटलेला दाखवतात. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव टिकले नाही. १९८१ मध्ये नवा जिल्हा झाला तेव्हा त्याला याच दुर्गाचे नाव मिळाले, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशातील बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांतही सिंधुदुर्ग आहे.

किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी पाहिल्यावर मुले एक प्रश्न विचारतातच. चारी बाजूंना खारट पाणी असता येथे गोडे पाणी कसे? विज्ञानाच्या शिक्षकांनी ही संधी दवडू नये. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते खाली न जाता वरच्या थरात तरंगत राहते, आणि मर्यादेने उपसले तोवर विहीर गोडी राहते. अधाशीपणे उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. आपल्या किनारपट्टीच्या गावांतील ज्या विहिरी अलीकडे मचूळ झाल्या आहेत, त्यांचे कारण शोधताना हा नियम उपयोगी पडेल. ग्रामपंचायत सदस्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा.

आता मी मुख्य विषयाकडे, म्हणजे साहसाकडे वळतो.

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत साहसी जलक्रीडांचा मोठा विस्तार झाला आहे. नळीच्या साहाय्याने पाण्यावर पालथे पडून तळ पाहणे, म्हणजे स्नॉर्केलिंग, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरणे, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, हे दोन्ही प्रकार येथे होतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाणबुड्यांना प्रशिक्षण देणारे केंद्र तारकर्लीला आहे. सोबत प्रशिक्षक असल्यास पोहता न येणाऱ्यालाही थोड्या खोलीवर नेतात. प्रथम उतरणाऱ्याच्या मनात भीती असते ती बुडण्याची. प्रत्यक्षात त्रास होतो तो कानांना. पाण्यात दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालावी आणि कानांतील दाब सारखा करून घ्यावा. वर येताना श्वास कधीही कोंडून धरू नये, कारण वर येता येता फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. ज्याला सर्दी झाली आहे, दमा आहे, हृदयाचा विकार आहे, त्याने उतरू नये. हे सारे उतरण्यापूर्वी काठावर शांतपणे समजावून सांगणारा प्रशिक्षक असेल, तर तो चांगला समजावा. घाई करणारा असेल तर पैसे परत न मिळाले तरी चालतील, पण आपण परत फिरावे.

खाली काय दिसते? हिवाळ्यात पाणी निवळलेले असले तर खडकांवर घुमटासारखे वाढलेले प्रवाळ, त्याच्या फटींतून डोकावणारे रंगीत मासे, समुद्रपुष्पे आणि काळेभोर काटे उभारून बसलेले समुद्री साळींदरासारखे प्राणी दिसतात. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत गढूळपणामुळे काही दिसत नाही. तेव्हा दिवाळीच्या सुटीतच जाण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबर-जानेवारी अधिक बरा.

प्रवाळ पाहताना मुलांना तो दगड वाटतो. तो दगड नव्हे. अतिसूक्ष्म जीवांनी आपल्या शरीराभोवती चुन्याचे घर बांधत बांधत ते उभारलेले असते. अशा घुमटाकार प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर इतकीच होते. म्हणजे आपल्या गुडघ्याएवढे दिसणारे एक प्रवाळ आपल्या आजोबांच्या वयाचे असू शकते. त्यावर एक पाय टेकला, एक नांगर आपटला, की पन्नास वर्षांचे काम एका क्षणात मोडते. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य अधिसूचित झाले. त्याचे एकूण क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि गाभ्याचा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग सिंधुदुर्ग, पद्मगड व भोवतालच्या बुडीत खडकांना वेढून आहे. २००१ मध्ये प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलून घरी आणू नये. शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट शोभून दिसावे म्हणूनही नाही.

मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकण्याची प्रथा पडली आहे. छायाचित्र छान येते, पण माशांचे अन्न पाव नव्हे. ही प्रथा मोडण्याची सुरुवात शिक्षकांनीच करावी, कारण होडीवाल्याला गिऱ्हाइकापुढे नाही म्हणणे जड जाते.

या अभयारण्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अधिसूचना निघाली तेव्हा आणि त्यानंतरही मालवणच्या मच्छीमार बांधवांनी तिला विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर चूल पेटते, तेथे एके दिवशी मनाई येईल, ही धास्ती त्यांना वाटली. ती निराधार होती असे मी म्हणणार नाही. प्रवाळ वाचवायचे तर मच्छीमाराला वगळून ते वाचणार नाही, एवढे मात्र आता सर्वांच्या लक्षात आले आहे. त्यांच्यापैकी अनेक जण आज पर्यटकांच्या होड्या चालवतात. खडक कोठे आहे आणि वारा कोणत्या प्रहरी फिरतो याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. सहलीच्या प्रमुखाने होडीत बसल्यावर तांडेलाच्या शब्दापुढे आपल्या पदाचा विचार करू नये.

एका खेपेस मी मालवणच्या धक्क्यावर होतो. दुपार कलली होती आणि वारा सुटला होता. दूरवरून आलेल्या एका सहलीच्या प्रमुखांनी किल्ल्यावर जाण्याची घाई चालवली होती. संध्याकाळी पुढच्या गावी जेवण ठरलेले, दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास, कार्यक्रम छापून तयार. वयस्क तांडेल एकच गोष्ट सांगत होता, की जाणे होईल, पण येताना पोरांना तटाखाली उतरवून घेणे कठीण जाईल. प्रमुखांचा आवाज चढला. तांडेलाचा चढला नाही. त्याने होडी सोडली नाही, एवढेच. अर्ध्या तासात धक्क्याच्या पायऱ्यांवर लाटा चढू लागल्या, तेव्हा ती मुले काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. किल्ला त्यांना त्या दिवशी दिसला तो लांबूनच. त्या तांडेलाने त्या दिवसाचे भाडे बुडवले होते, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

याउलट घडले तर काय होते, तेही सांगितले पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ, पाण्याखालचे दृश्य पाहून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांना प्राणास मुकावे लागले. पावसाळा तोंडावर आलेला होता. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत हा समुद्र होड्यांसाठी आणि जलक्रीडांसाठी बंद असतो. बंदीच्या आधीचे आठवडे कागदावर मोकळे असतात, परंतु समुद्र दिनदर्शिका पाहून बदलत नाही. मेच्या सुटीत मुलांना तेथे न्यावयाचे असेल तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच न्यावे, आणि पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम सकाळी आटोपावा, हे माझे मत आहे.

तरंगजाकीट हे दाखविण्यासाठी नसून अंगावर बांधण्यासाठी असते. होडीत चढण्यापूर्वी, धक्क्यावरच, प्रत्येक मुलाच्या जाकिटाचे पट्टे शिक्षकांनी स्वतःच्या हाताने ओढून पाहावेत. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाच्या गळ्यातून वर निसटते. म्हणून लहान मापाची आहेत का, हे आदल्या दिवशी विचारावे. होडीवर किती माणसांची परवानगी आहे हे पाहावे आणि एकाच बाजूला सर्वांनी छायाचित्रासाठी गर्दी करू नये. यदाकदाचित होडी उलटलीच, तर पोहत किनारा गाठण्याचा मोह टाळून उलटलेल्या होडीला धरून राहावे. शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर त्याला ‘त्सुनामी बेट’ असे नाव रूढ झाले. जलक्रीडांची तेथे मोठी वर्दळ असते. भरतीला हा पट्टा पाण्याखाली जातो. नदीचा लोंढा आणि समुद्राची ओढ येथे एकमेकांना भिडतात, म्हणून संगमावर पोहण्यास उतरणे अत्यंत धोक्याचे आहे. उघड्या किनाऱ्यावरही फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादी गुळगुळीत, काळसर, शांत दिसणारी पट्टी असते. अनभिज्ञ माणूस तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. वास्तविक किनाऱ्यावर आलेले पाणी तेथूनच वेगाने परत आत जात असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत जावे, म्हणजे ओढ सुटते. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. तशी ती प्रत्येक किनाऱ्यावर असेलच, असे गृहीत धरून घराबाहेर पडू नये.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होता. तो मुलांना शिकवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. दिवसातून दोन भरत्या, म्हणून हीच वेळ सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. अष्टमीला भांग असतो. मालवणच्या किनाऱ्याजवळचा पद्मगड पूर्ण ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो. समजा आपण पौर्णिमेला गेलो. भरती सव्वाअकराला, म्हणजे पाणी पूर्ण उतरणार ते सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. तेव्हा निघावे चार-साडेचारला, आणि पाणी पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतावे. अलीकडेच अंधारही पडतो, हे विसरू नये. हा हिशेब स्थूल आहे. प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी बंदराची अधिकृत वेळ आणि स्थानिक माणसाचा सल्ला या दोन्हींशी तो ताडून पाहावा. मुलांनी वहीत आधी वेळ काढावी आणि मग किनाऱ्यावर काठी रोवून ती पडताळून पाहावी. गणित, भूगोल आणि पंचांग हे तिन्ही विषय एका संध्याकाळी होतात.

सर्वच साहस विकत घ्यावे लागत नाही. पहाटे तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलात आणि नशिबात असले, तर रापण ओढली जात असताना दिसेल. होडीने अर्धवर्तुळाकार जाळे टाकून यायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसांनी ते हळूहळू ओढायचे, ही ती जुनी पद्धत. मिळालेल्या मासळीची वाटणी ओढणाऱ्या सर्वांत होते. मोठ्या यांत्रिक नौकांच्या जाळ्यांमुळे रापणकारांच्या वाट्याला पूर्वीइतकी मासळी येत नाही, ही त्यांची तक्रार आपल्याकडील रापणकारांच्या तक्रारीहून निराळी नाही. पेडण्याच्या मुलांनी ती मालवणीत ऐकावी. भाषा त्यांना परकी वाटणार नाही, आणि प्रश्नही नाही.

जेवणाबद्दल मी बोलत नाही. मालवणला जाऊन कोणी उपाशी परतल्याचे ऐकिवात नाही.

आता कार्यालयीन बाबींचे दोन शब्द. पालकांच्या लेखी संमतीत केवळ ‘सहलीस परवानगी आहे’ असे वाक्य पुरेसे नाही. होडीचा प्रवास आहे, पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, आणि मुलाला फिट, दमा, हृदयविकार यांपैकी काही असल्यास त्याची नोंद असावी. पाण्यात न उतरणाऱ्या मुलांसाठी काठावर वेगळे काम आणि वेगळा शिक्षक नेमावा. मुलींना मात्र सरसकट काठावर बसवून ठेवण्याची जी पद्धत काही शाळांत दिसते, तिला कोणताही आधार नाही. एका दिवसात किल्ला, स्कूबा, देवबाग आणि परतीचा प्रवास असा कार्यक्रम आखू नये. दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा आणि दुसरा दिवस मोकळा सोडावा, म्हणजे पहिल्या दिवशी वारा सुटला तर होडी दुसऱ्या दिवशी जाऊ शकते. खर्च वाढतो ही अडचण मला मान्य आहे. ग्रामपंचायतींनी आणि पालक-शिक्षक संघांनी त्या जादा मुक्कामाचा भार उचलता येईल का, याचा विचार करावा.

परतताना केरीची फेरीबोट गाठावयाची असेल, तर त्या दिवसाची तिथी काढून भरतीची वेळ आधीच मांडून ठेवावी, आणि शेवटची बोट किती वाजता सुटते हे जातानाच विचारून घ्यावे. काही शंका असल्यास त्या आपण आताच विचाराव्यात. मी येथे थांबणार आहे.